शाकाहारी हॉटेलात भाजी कुठंय?

पॅरिसमध्ये रोदँ संग्रहालयाच्या जवळ ‘आर्पेज’ नावाचं हॉटेल आहे. आलाँ पासार यांनी ते 1986 मध्ये चालवायला घेतलं आणि 1996 मध्ये त्याला हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेचा तिसरा, म्हणजे सर्वोच्च तारा मिळाला. पासार यांचं नाव होतं ते मांस भाजण्यातल्या हातखंड्यासाठी. त्याच माणसाने 2001 मध्ये लाल मांस बंद केलं आणि ताटाच्या मधोमध गाजर, कांदा, बीट आणून ठेवलं. आता तारे जाणार, असं अनेकांना वाटलं. एकही गेला नाही. जुलै 2025 मध्ये मासे, अंडी, दूध, लोणी हेही गेलं. राहिला फक्त स्वतःच्या पोळ्यांमधला मध. फ्रेंच स्वयंपाकातून लोणी काढणं म्हणजे कोल्हापुरी घरातून कांदा-लसूण चटणीची बरणी उचलून नेणं.

तिथला एक गाजलेला पदार्थ म्हणजे बीट. सालासकट अख्खं बीट जाड्या करड्या मिठाच्या ढिगात पुरून भट्टीत ठेवतात. मिठाचं कडक कवच तयार होतं, आतलं बीट स्वतःच्याच रसात शिजतं. मग कवच फोडायचं, बीट कापायचं आणि वाढायचं. ग्रेव्ही नाही, वरून किसलेलं चीज नाही. आपल्या खानदेशात कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत होतं, त्यामागे वेगळं काय आहे? जळगावच्या भरिताच्या वांग्याला तर भौगोलिक मानांकनही आहे.

आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजला या. रविवारच्या आठवडी बाजारात भोवतालच्या खेड्यांतून माळवं येतं: पोकळा, शेपू, चाकवत, गवार, दोडका, जवारी वांगी, थंडीत हरभऱ्याची कोवळी भाजी. संकेश्वरी मिरचीचे सौदे इथलेच. शेंगा इथल्याच. शेजारच्या आजऱ्याचा घनसाळ तांदूळ मानांकन मिळवून बसलेला. पासार यांना हे सगळं उभं करायला पॅरिसपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर सार्त जिल्ह्यात स्वतःची बाग करावी लागली. तिथून भाजी खास पॅरिसला आणावी लागते. इथे ती हॉटेलच्या दारात येऊन बसते.

आणि त्याच हॉटेलात शिरून मेनू उघडावा, तर पनीर मसाला, पनीर कढाई, पनीर टिक्का, काजू करी आणि ‘व्हेज कोल्हापुरी’, जी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्या घरात रांधली जाते हे कुणी दाखवून द्यावं. हे चित्र एकट्या गडहिंग्लजचं नाही, महाराष्ट्रातल्या कुठल्याही हायवेवर थांबा. सकाळी लाल, पांढरी, पिवळी अशा ग्रेव्ह्या पातेल्यांत तयार होतात आणि रात्रीपर्यंत नावं तेवढी बदलत राहतात. शाकाहारी पाटीखाली भाजीच सापडत नाही, अशी ही गंमत.

हॉटेलवाल्यांना नुसते दोष देणं सोपं आहे. गवार मोडायला, शेपू निवडायला माणूस लागतो आणि आज माणूस मिळत नाही. पनीर फ्रिजमध्ये राहतं, चौकोनी कापलं की झालं. शिवाय गिऱ्हाईकही कमी नाही: पनीरला अडीचशे रुपये मुकाट देणारा माणूस दोडक्याला दीडशे म्हटलं की ‘हे तर घरी रोजच खातो’ म्हणतो. घरी खातो म्हणून ते स्वस्त, हा हिशेब मटणाला मात्र कुणी लावत नाही.

धंद्याची अडचण मोठ्यांनाही चुकलेली नाही. न्यूयॉर्कच्या ‘इलेव्हन मॅडिसन पार्क’ने 2021 मध्ये मांस-मासे बंद केले, तीन तारे राखले, आणि 2025 च्या ऑक्टोबरात मांस परत आणलं. पासार यांनी उरलेसुरले मासे सोडले तेही त्याच वर्षी. म्हणजे ही वाट हमखास नफ्याची आहे, असं कुणी सांगू नये. दुसरीकडे दुबईतल्या ‘अवतारा’ या शाकाहारी भारतीय रेस्टॉरंटने 2023 मध्ये मिशेलिनचा तारा मिळवला, आणि तेही पनीरला हात न लावता.

आर्पेजमध्ये एका माणसाच्या जेवणाला शेकडो युरो पडतात. ती श्रीमंती गडहिंग्लजमध्ये आणायची गरज नाही, आणू म्हटलं तरी येणार नाही. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. तिथे आज काय शिजणार हे बागेतून काय आलं त्यावर ठरतं, आणि त्या एका भाजीभोवती पान मांडलं जातं. इथल्या हॉटेलांनी मेनूकार्ड फाडू नये. फळ्यावर रोज एकच भाजी लिहावी. सोमवारी भरलेली जवारी वांगी, मंगळवारी शेंगांचा कूट घातलेली गवार, थंडीत हरभऱ्याची भाजी, सोबत भाकरी, खर्डा आणि घनसाळचा भात. भाजी कोणत्या गावाहून आली तेही लिहावं. एकच भाजी एकदम निवडायची असल्याने मजुरीचंही गणित बसतं.

सुरुवात गिऱ्हाइकाने केली तर अधिक बरं. पुढच्या वेळी ऑर्डर घ्यायला पोरगा आला की पनीर सांगण्याआधी त्याला विचारा, ‘आज बाजारातून ताजं काय आलंय?’ उत्तर आलं नाही, तर गल्ल्यावर जाऊन मालकांना विचारा.