टोपीचा शौक आणि प्रतीकांचे ओझे

पुरुषाने डोक्यावर काही घातले की आमच्या क्षेत्रातली मंडळी लगेच त्याचा 'अर्थ' लावू लागतात. पांढरी टोपी म्हणजे काँग्रेस, काळी म्हणजे हिंदुत्व, पुणेरी पगडी म्हणजे पेशवाई, फेल्ट हॅट म्हणजे साहेबाचे अनुकरण. चिन्हमीमांसेची दोन-चार पुस्तके वाचल्याचा हा परिणाम असावा. माणूस टोपी आवडते म्हणूनही घालत असेल, ही साधी शक्यता कुणाच्या गावीही नसते. आणि कुणी तसे कबूल केलेच, तर त्याचा शौक उथळ आणि इतिहासाचे भान नसलेला ठरवला जातो.

या आक्षेपातला एक भाग आम्हांला मान्य आहे. कोणी डोक्याला काय बांधावे, हे आपल्याकडे दीर्घकाळ जातीने आणि हुद्द्याने ठरवले. जून २०१८मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या पुण्यातील सभेत शरद पवारांनी पुणेरी पगडीऐवजी फुल्यांचे पागोटे वापरण्याची सूचना केली, तेव्हा उठलेला वाद काही हवेतून आलेला नव्हता. पण त्या वादात वस्तूकडे कोणी पाहिले? पगडी ही घडवून तयार असलेली, उचलून डोक्यावर ठेवायची; पागोटे म्हणजे लांबलचक कापड, घालणाऱ्याने डोक्याभोवती गुंडाळून बांधायचे. वृत्तपत्रांनी 'फुले पगडी' असा शब्द रूढ करून हा भेदच पुसला. इतिहासाचे भान ते हेच काय?

हा भेद शौकीन माणसाच्या बोटांना ठाऊक असतो. पांढरी टोपी धुऊन, खळ देऊन, किंचित ओली असतानाच इस्त्री केली तरच तिची धार टिकते, हे तो जाणतो. फेल्टची हॅट तो पुढच्या चिमटीला धरून उचलत नाही, कारण तिथेच ती फाटते. काठ दबू नये म्हणून ती उलटी ठेवतो. पावसात भिजली तर आतली चामडी पट्टी बाहेर वळवून सावलीत वाळू देतो, आणि मग मऊ ब्रशाने लवेच्या दिशेने हळूहळू झाडतो. यात डौल आहेच. तो का नसावा?

गांधीजींनी टोपी स्वतः फार थोडा काळ वापरली. सप्टेंबर १९२१मध्ये मदुराईत पंचा स्वीकारताना त्यांनी तीही उतरवली. त्यानंतर खेडोपाडी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती केवळ प्रतीक म्हणून नव्हे. सवयीने, सोयीने आणि आवडीनेही. उलट २०११च्या आंदोलनात घोषणा छापलेल्या टोप्या शेकड्यांनी वाटल्या गेल्या, त्यांतल्या किती पुन्हा धुतल्या गेल्या असतील? सत्काराच्या भाडोत्री फेट्याची गत तर विचारूच नये. छायाचित्र निघाले की तो मांडीवर येतो.

आमचा मुद्दा असा की जातीने एका डोक्याला एकच शिरोभूषण नेमून दिले होते. शौकीनाच्या खुंटीवर पाच असतात, आणि सकाळी कोणते उचलायचे हे त्याचे त्याने ठरवायचे असते. ही निवड जातिव्यवस्था मोडत नाही, एवढे आम्हांलाही कळते. परंतु टोपीवरून माणूस ओळखू पाहणारा समीक्षक त्या जुन्या नेमणुकीचीच राखण करतो.

ऐतिहासिक कादंबरी शिकवताना पगडी, पागोटे, मुंडासे, पटका हे सारे विद्यार्थ्यांच्या लेखी 'फेटा' होऊन बसले आहेत. एम.ए.च्या वर्गात एकदा खरे पागोटे न्यावे, मुलांना आणि मुलींनाही ते बांधू द्यावे. प्रतीकांचा तास त्यानंतर ज्याला घ्यायचा त्याने खुशाल घ्यावा.