परीक्षा रुग्णशय्येपाशी व्हावी

लातूर आणि नांदेड ही नावे उच्चारली की महाराष्ट्रातील पालकाला शिकवणी वर्ग, सराव चाचण्या आणि गुणवंतांच्या छायाचित्रांचे फलक आठवतात. 'लातूर पॅटर्न'ने मराठवाड्यातील सामान्य घरांतल्या मुलांना वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडून दिले, हे कुणी नाकारू नये. पण याच गावांतील कितीतरी मुली दरवर्षी परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी जातात. त्या काय शिकतात आणि त्यांची परीक्षा कशी होते, याची विचारपूस समाज करतो का?

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधांचा तुटवडा आणि अपुरे मनुष्यबळ यांवर त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. ती आवश्यकच होती. रिक्त पदे भरलीच पाहिजेत. मात्र त्या पदावर येणाऱ्या परिचारिकेचे हात किती तयार आहेत, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

पाच किलो वजनाच्या बाळाला ७५ मिलिग्रॅम औषध द्यायचे आहे आणि बाटलीवर '५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम' असे छापले आहे. उत्तर सोपे आहे : ३ मिलिलिटर. वर्गात बसून ते कुणीही काढील. पण पहाटेचे तीन वाजलेले, बाळ रडते आहे, आई घाबरली आहे, शेजारच्या खाटेवरून हाका येत आहेत. अशा वेळी ते अचूक काढणे ही निराळी परीक्षा आहे. तीन तासांच्या उत्तरपत्रिकेत ती होत नाही. सुवाच्य अक्षरांत उतरवलेल्या जर्नलमध्येही नाही.

या अडचणीवरचा एक मार्ग १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी मांडला. परीक्षेच्या दालनात ओळीने टेबले मांडायची. एकावर रक्तदाब मोजायचा, दुसऱ्यावर औषधाची मात्रा काढायची, तिसऱ्यावर रुग्णाच्या नातेवाइकाला समजावून सांगायचे. काही मिनिटांनी घंटा वाजते आणि विद्यार्थी पुढे सरकतो. प्रत्येक कृतीची यादी परीक्षकाच्या हाती असते. हात धुतले की नाही, रुग्णाचे नाव विचारले की नाही, यालाही गुण असतात. सर्वांना प्रश्न तेच आणि मोजमापही तेच, त्यामुळे परीक्षकाच्या मर्जीला फारसा वाव उरत नाही. 'ऑस्की' या नावाने ही पद्धत जगभर रुळली. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१-२२ पासून लागू केलेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमातही तिला आणि कृत्रिम प्रसंगांवरील सरावाला स्थान मिळाले आहे. प्रश्न आहे तो कागदावरचे दालनात उतरण्याचा.

महागडे पुतळे नाहीत, ही सबब पुरेशी नाही. टेबले, घंटा, तपासणी-यादी आणि प्रामाणिक परीक्षक एवढ्यावर पुष्कळ काही साधते. शिवाय आपल्या भागाची एक स्वतंत्र गरज आहे. पदवीचे शिक्षण इंग्रजीत होते. रुग्ण मात्र मराठी बोलतो, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, तांड्यावर बंजारा बोली, उदगीर-निलंग्याच्या सीमेवर कन्नड. जी मुलगी इंग्रजीत मधुमेहाची व्याख्या लिहिते, तिला इन्सुलिन कसे टोचावे हे शेतकरी आजोबांना त्यांच्या भाषेत सांगता येते का? हेही गुणांत मोजले पाहिजे.

ही परंपरा आपल्याला परकी नाही. १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली मुलींना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवले. ज्या काळात घरची माणसे या व्यवसायाला नाके मुरडीत, त्या काळात त्या मुली थेट रुग्णाच्या खाटेपाशी शिकल्या.

'लातूर पॅटर्न'चे सामर्थ्य गुणांत नव्हते. पुनःपुन्हा सराव आणि चूक दिसताच दुरुस्ती, यात ते होते. तीच शिस्त आता हातांना, डोळ्यांना आणि वाणीला लागली पाहिजे. यात समाजालाही वाटा उचलता येईल. अशा परीक्षेत 'रुग्ण' म्हणून बसायला माणसे लागतात. निवृत्त शिक्षक, गृहिणी, कार्यकर्ते यांनी वर्षातले दोन दिवस जवळच्या नर्सिंग महाविद्यालयाला द्यावेत. तिथे चुकलेली सुई पुतळ्याला टोचेल, तुमच्या-माझ्या नातवाला नव्हे.