वर्दी उतरली की उपचारही उतरणीला?

सेवेतला जवान जखमी झाला तर त्याच्यामागे सैन्याची सबंध वैद्यकीय यंत्रणा उभी राहते. एकट्या पुण्यात कमांड हॉस्पिटल आहे, १९४४ पासून चालत आलेले कृत्रिम अवयव केंद्र आहे आणि मणक्याला इजा होऊन शरीर लुळे पडलेल्या जवानांसाठी खडकीचे पुनर्वसन केंद्र आहे. काळजी वाटते ती निवृत्तीनंतरची. सेवेत सोसलेले गुडघे, कान आणि पाठ बहुतेकदा तेव्हाच बोलू लागतात.

या काळासाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना म्हणजे ईसीएचएस आहे. चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आणि पन्नास लाखांहून अधिक लाभार्थी एवढा तिचा पसारा. तिला सरकारी मेहेरबानी समजण्याचे कारण नाही. आज निवृत्त होणारा शिपाई, नाईक किंवा हवालदार तिच्यासाठी ३० हजार रुपये एकरकमी भरतो. जेसीओ म्हणजे कनिष्ठ कमिशंड अधिकारी ६७ हजार आणि अधिकारी १ लाख २० हजार. पैसे घेऊन दिलेला हा शब्द आहे, आणि तो पाळताना यंत्रणा कमी पडते आहे.

कमी कुठे पडते, ते पाहा. माण-खटावच्या बाजूचा साठी ओलांडलेला हवालदार पहाटेची एसटी धरून साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकमध्ये येतो. मधुमेहाची एखादी गोळी शिल्लक नसेल तर चिठ्ठीवर ‘एनए’ म्हणजे ‘उपलब्ध नाही’ असे लिहून मिळते; मग गोळी बाहेरून विकत घ्यायची आणि पैशांसाठी पुन्हा कागद जोडायचे. हृदयाची तपासणी हवी असेल तर रेफरल घेऊन तो पॅनलवरच्या खासगी रुग्णालयात जातो. तिथे त्याला ऐकावे लागते, ‘कॅशलेस सध्या बंद आहे, आधी पैसे भरा.’

रुग्णालयाच्या या नकाराचे मूळ दिल्लीतल्या हिशेबात आहे. बिल ऑनलाइन चढते, तपासणी संस्थेकडे जाते, त्यावर शंका निघतात, मंजुरी मिळते आणि मग निधीची वाट पाहत थांबते. तरतूद गरजेपेक्षा तोकडी असली की थकबाकी साचते. त्यात केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे म्हणजे सीजीएचएसचे २०१४ मधले बहुतेक दर २०२५ पर्यंत जवळपास तसेच राहिले, आणि ईसीएचएस त्याच दरांवर चालते. दर सुधारले तरी पैसे वेळेत पोचले नाहीत तर चांगली रुग्णालये पॅनल सोडतील, आणि कार्ड हाती असूनही दार बंद राहील. कॅगने २०१५ मध्येच औषधांचा तुटवडा आणि बिलांचा विलंब दाखवून दिला होता. इतक्या वर्षांनी त्याच तक्रारी ऐकू येत असतील, तर दोष योजनेच्या रचनेतच शोधायला हवा.

याहून मोठा धोका पुढे उभा आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के सैन्यात कायम होतील. पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून संपू लागते. घरी परतणाऱ्यांना निवृत्तिवेतन नाही आणि ईसीएचएसही नाही. सेवेत अपंगत्व आले तर एकरकमी भरपाई मिळते. पण उंचावरच्या चौकीत किंवा तोफेजवळ काढलेल्या दिवसांची किंमत पंचविशीतच कळते असे नाही. चाळिशीत मणका किंवा कान जाब विचारू लागला, तर तो तरुण कुणाकडे जाणार?

अशी फट किती काळ उघडी राहू शकते, हे आपण पाहिले आहे. खडकवासल्याच्या एनडीएसारख्या प्रबोधिनीत प्रशिक्षण घेताना अपंगत्व आलेले कॅडेट कमिशन मिळण्याआधीच घरी पाठवले जात. नियमानुसार ते माजी सैनिक ठरत नसत, म्हणून ईसीएचएसही नसे. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना ही योजना लागू झाली. अग्निवीरांनाही न्यायालयाची वाट पाहायला लावायची का?

करायचे काय, हे अवघड नाही. बिलांना कायदेशीर मुदत आणि उशीर झाल्यास व्याज. प्रत्यक्ष खर्चाइतकी तरतूद. कंत्राटी डॉक्टरांवर चालणाऱ्या पॉलिक्लिनिकमध्ये टिकून राहणारे मनुष्यबळ. आणि सेवेशी जोडलेल्या आजारासाठी प्रत्येक अग्निवीराला आयुष्यभर उपचार. याला पैसा लागेल. पण सैनिक उभा करण्याचा खर्च मोजताना त्याच्या म्हातारपणाचा खर्च वगळणारा देश आपला संरक्षण खर्च कमी करत नाही. तो गुपचूप सैनिकाच्या कुटुंबावर ढकलतो.