तपासणी कोट्यवधींची, नियंत्रण किती जणांचे? उच्च रक्तदाबाविरुद्धच्या मोहिमेचा खरा हिशेब

नवी दिल्ली : उच्च रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या साडेसात कोटी लोकांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचारांच्या कक्षेत आणण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने १७ मे २०२३ रोजी, जागतिक उच्च रक्तदाब दिनाच्या निमित्ताने जाहीर केले होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार ५ मार्च २०२५ पर्यंत उच्च रक्तदाबाचे ४ कोटी २० लाख आणि मधुमेहाचे २ कोटी ५२ लाखांहून अधिक रुग्ण उपचारांखाली आले. उद्दिष्टाच्या ८९.७ टक्के मजल तेव्हाच गाठली गेली होती. त्याच सुमारास, २० फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात, तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीच्या तपासणीची विशेष मोहीमही देशभर राबवण्यात आली.

हे आकडे मोठे आहेत आणि त्यामागे आशा स्वयंसेविका, परिचारिका व समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचे कष्ट आहेत. तथापि ‘तपासणी झाली’, ‘उपचार सुरू झाले’ आणि ‘रक्तदाब नियंत्रणात आला’ या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पक्षाघात टळतो तो तिसऱ्या गोष्टीने. पहिल्या दोन तिच्याकडे नेणाऱ्या पायऱ्या आहेत. सार्वजनिक चर्चेत मात्र पहिल्या दोन आकड्यांचाच बोलबाला असतो. ही मोहीम पुढे कोणत्या दिशेने जाणार, हे आता तिसऱ्या आकड्याकडे किती गांभीर्याने पाहिले जाते यावर अवलंबून आहे.

न जाणवणारा आजार

हृदयातून बाहेर पडणारे रक्त धमन्यांच्या भिंतींवर जो दाब टाकते, तो रक्तदाब. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा आणि ते शिथिल होते तेव्हाचा दाब म्हणजे खालचा आकडा. हा दाब दीर्घकाळ वाढलेला राहिला की धमन्या कठीण होत जातात, हृदयाच्या स्नायूवर ताण येतो, मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्या निकामी होऊ लागतात आणि डोळ्यांच्या दृष्टिपटलालाही इजा पोहोचते. हे सारे वर्षानुवर्षे चालते आणि बहुतेकांना त्याची चाहूलही लागत नाही. डोके दुखणे, चक्कर येणे ही रक्तदाबाची हमखास लक्षणे असल्याचा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांना कोणताही त्रास जाणवत नाही. पहिली खूण अनेकदा थेट पक्षाघाताच्या किंवा हृदयविकाराच्या झटक्याच्या रूपाने समोर येते.

साधारणतः दहापैकी नऊ रुग्णांमध्ये या आजारामागे एकच असे कारण सापडत नाही. वाढते वय, आनुवंशिकता, आहारातील जादा मीठ, वाढलेले वजन, मद्यपान, शारीरिक श्रमांचा अभाव असे अनेक घटक एकत्र येतात. तंबाखूने रक्तवाहिन्यांची हानी आणखी वाढते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दातांना मिश्री लावणाऱ्या स्त्रिया ‘तंबाखू खात नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतात. मात्र मिश्री हीदेखील तंबाखूच होय. उरलेल्या थोड्या रुग्णांमध्ये मूत्रपिंडाचा विकार, संप्रेरकांचा बिघाड, झोपेत श्वास अडण्याचा विकार किंवा दीर्घकाळ घेतलेली वेदनाशामके व स्टेरॉइड यांसारखे निश्चित कारण असते. कमी वयात रक्तदाब आढळला किंवा तीन औषधे घेऊनही तो उतरला नाही, तर अशा कारणांचा शोध घेणे आवश्यक ठरते.

मोजमापातील घाई

निदानाचे साधन सोपे आहे, पण त्याचा वापर नेहमीच शास्त्रशुद्ध होतो असे नाही. मोजणीपूर्वी पाच मिनिटे शांत बसणे, पाठीला टेकू असणे, पाय जमिनीवर सपाट ठेवणे, दंड हृदयाच्या पातळीवर असणे आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी किंवा तंबाखू न घेणे हे साधे नियम आहेत. मोजताना बोलू नये आणि मूत्राशय भरलेले नसावे, हेही त्यात येते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेतून थेट खुर्चीवर बसवून, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून घेतलेला आकडा दिशाभूल करू शकतो. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला तरी आकडा खोटा वाढतो.

भारताच्या सार्वजनिक आरोग्य कार्यक्रमात वरचा आकडा १४० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा ९० किंवा त्याहून अधिक असल्यास उच्च रक्तदाब मानला जातो. आकडा फारच वाढलेला नसेल तर वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजून मगच निदान पक्के केले जाते. दवाखान्याच्या धास्तीने काहींचा दाब तेवढ्यापुरता वाढतो. उलट काहींचा दवाखान्यात बरोबर आणि घरी वाढलेला असतो. म्हणून घरी दंडावर पट्टा बांधून घेतलेल्या नोंदी उपयुक्त ठरतात; तेथे मर्यादा १३५/८५ अशी धरली जाते. अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी २०१७ मध्ये निदानाची मर्यादा १३०/८० पर्यंत खाली आणली. भारतीय कार्यक्रमाने १४०/९० हीच रेषा कायम ठेवली आहे. ज्या देशात १४० च्या वर असलेल्यांपर्यंतच औषध पुरते पोहोचलेले नाही, तेथे आधी त्यांच्याकडे लक्ष देणे व्यवहार्य ठरते.

गळती नेमकी कुठे?

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च रक्तदाबावर पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील अंदाजानुसार भारतात ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यांपैकी ३७ टक्क्यांचे निदान झालेले आहे, ३० टक्के उपचार घेतात आणि १५ टक्क्यांचाच रक्तदाब नियंत्रणात आहे. निम्म्या रुग्णांचा रक्तदाब नियंत्रणात आणायचा तर आणखी ६ कोटी ७० लाख लोकांपर्यंत परिणामकारक उपचार पोहोचावे लागतील. तसे झाल्यास २०४० पर्यंत ४६ लाख मृत्यू टळू शकतात, असे अहवाल सांगतो.

या तीन टक्केवाऱ्या शेजारी ठेवल्या की गळतीची दोन ठिकाणे दिसतात. पहिली गळती निदानापूर्वीची आहे आणि तपासणी मोहिमा तिच्यावर उपाय करतात. दुसरी गळती उपचार सुरू झाल्यानंतरची आहे. औषध घेणाऱ्या प्रत्येक दोघांपैकी एकाचा रक्तदाब औषध घेऊनही वाढलेलाच राहतो. ही दुसरी गळती शिबिरे भरवून थांबत नाही. तिच्यावर इलाज आहे तो दरमहा न चुकता मिळणारी गोळी, दरमहा होणारे मोजमाप आणि आकडा उतरत नसल्यास वेळेवर वाढवलेला डोस हाच.

औषधशास्त्राच्या दृष्टीने यात फारसे गूढ उरलेले नाही. ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्या शिथिल करते, टेल्मिसार्टनसारखी औषधे त्या आकुंचित करणाऱ्या संप्रेरकाचा परिणाम रोखतात, तर क्लोरथॅलिडोन शरीरातील जादा मीठ व पाणी लघवीवाटे बाहेर टाकते. ही सारी औषधे पेटंटच्या बंधनातून मुक्त आहेत, जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळतात आणि सरकारी केंद्रांत विनामूल्य देण्याच्या यादीत आहेत. वरचा आकडा दहाने जरी उतरला तरी पक्षाघाताचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटतो, हे मोठ्या संशोधनांतून सिद्ध झाले आहे.

तरीही गोळी मध्येच सुटते, आणि त्यामागे माणसाच्या नजरेतून पटणारी कारणे असतात. ज्याला काही होत नव्हते त्याला गोळी घेऊनही वेगळे बरे वाटत नाही. आकडा ‘नॉर्मल’ आला की आजार बरा झाला असे वाटते. तो गोळीमुळे उतरला आहे, हे कोणी समजावून सांगितलेले नसते. एकदा लागली की कायमची लागेल, या भीतीने काहीजण सुरुवातच टाळतात. ॲम्लोडिपिनमुळे काहींच्या घोट्यांना सूज येते. डोस किंवा औषध बदलून ती कमी होऊ शकते, पण तेवढे विचारायला पुन्हा दवाखान्याची खेप आणि दिवसाची मजुरी बुडवणे आले. आणि या साऱ्यानंतर केंद्रात गेल्यावर ‘गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात या’ असे ऐकावे लागले, तर पुढची खेप होईलच याची शाश्वती नसते.

न आलेल्या रुग्णाचीही नोंद

या दुसऱ्या गळतीवर पद्धतशीर काम झाल्याचे उदाहरण देशातच उपलब्ध आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्रीय आरोग्य मंत्रालय, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा हा संयुक्त प्रयत्न. केरळ, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, पंजाब आणि तेलंगणा या पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांपासून त्याची सुरुवात झाली. महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे त्यात होते. पुढे तो शंभराहून अधिक जिल्ह्यांत विस्तारला आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने त्याची दखल घेतली गेली.

उपक्रमाचे घटक साधे होते. राज्यभर एकच सोपी उपचारपद्धती, ज्यात कोणते औषध कितव्या टप्प्यावर द्यायचे हे आधीच ठरलेले असते. मोजक्याच औषधांची मोठ्या प्रमाणावर खरेदी. एका वेळी किमान महिन्याभराच्या गोळ्या आणि त्याही घराजवळच्या उपकेंद्रात. डॉक्टरांवरचा भार हलका करणारा परिचारिका व आरोग्यसेवकांचा सहभाग. आणि प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद. कोविडच्या टाळेबंदीत अनेक ठिकाणी आरोग्य कर्मचाऱ्यांनी गोळ्या घरपोच दिल्या, त्या या नोंदींच्या आधारेच.

यातील सर्वांत महत्त्वाचा बदल हिशेबाच्या पद्धतीत होता. आरोग्य केंद्रात नोंदवलेल्या रुग्णांपैकी ठराविक काळानंतर किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे, हा यशाचा निकष ठरवण्यात आला. जो रुग्ण आलाच नाही, त्याला हिशेबातून न वगळता ‘भेट चुकली’ असे नोंदवले जाते. त्यामुळे केंद्राला स्वतःची गळती दिसते आणि कोणाच्या घरी जायचे तेही कळते. उपक्रमात उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांचा रक्तदाब नियंत्रणात आल्याचे २०२२ मध्ये सांगण्यात आले. निम्मा हा आकडा अर्थातच अपुरा आहे. पण न आलेल्यांनाही मोजून मिळालेला असल्याने तो विश्वासार्ह आहे आणि सुधारता येण्याजोगा आहे.

राष्ट्रीय पातळीवरील ४ कोटी २० लाखांच्या आकड्याकडेही याच दृष्टीने पाहावे लागेल. तो उपचारांखाली आणलेल्यांचा आकडा आहे. त्यांच्यापैकी किती जण गेल्या तीन महिन्यांत गोळ्या घेऊन गेले आणि किती जणांचा आकडा रेषेखाली आला, हे जिल्हावार नियमितपणे प्रसिद्ध झाले, तर औषधपुरवठ्यातील खंड आणि रिक्त पदांचा परिणाम आपोआप उघड होईल. तपासणीची टक्केवारी तो झाकून ठेवते.

गाव सुटते, गोळीही सुटते

नोंदी उपकेंद्राशी बांधलेल्या आणि माणसे मात्र फिरती, ही आणखी एक अडचण. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी लाखो ऊसतोड कामगार हंगामाचे महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात काढतात. फडावर असताना गावच्या उपकेंद्रातील गोळी सुटते आणि नव्या ठिकाणी नव्याने नोंद करण्याइतकी उसंत नसते. सुरत, इंदूर, हैदराबाद, बंगळूरू येथे रोजगारासाठी जाणाऱ्यांचीही हीच कथा. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील चौदा अंकी आरोग्य ओळख क्रमांकामुळे नोंद रुग्णासोबत प्रवास करू शकेल, अशी अपेक्षा आहे. ती फलद्रूप व्हायची तर कोणत्याही राज्यातील आयुष्मान आरोग्य मंदिरात तो क्रमांक दाखवल्यावर तेच औषध मिळायला हवे. त्यासाठी राज्याराज्यांतील औषधांच्या याद्यांत किमान सुसंगती लागेल.

प्रतिबंधाची बाजू स्वयंपाकघरात सुरू होते. प्रौढांनी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एक चमचा, कमी मीठ घ्यावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारतीयांचे सरासरी सेवन सुमारे आठ ग्रॅम असल्याचे राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले आहे. यातील मोठा वाटा घरच्या स्वयंपाकातील मिठाचा, त्यावर लोणचे, पापड, फरसाण आणि खारवलेल्या सुक्या मासळीची भर. काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असलेले मीठ वापरण्याची शिफारस संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये केली. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र ते वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नये.

रक्तदाबाची गोळी काही रुपयांची असते. ती सुटल्यानंतर येणारा पक्षाघात कमावत्या माणसाला अंथरुणाला खिळवतो आणि निकामी मूत्रपिंड त्याला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या दारात उभे करते. डायलिसिससाठी देशाने २०१६ पासून स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम चालवला आहे आणि तो आवश्यकच आहे. मात्र त्या खोलीतील खाटांची मागणी पुढील दशकात किती वाढणार, हे आज उपकेंद्राच्या औषधाच्या कपाटात महिनाभराच्या गोळ्या आहेत की नाहीत यावर ठरणार आहे.