तोंडी हिशेबाचे स्वावलंबन

नीरा डाव्या कालव्याचे पाणी फाट्या-चाऱ्यांतून बारामती-इंदापूरच्या शिवारात कसे वाटले जाते, हे आमच्या वसतिगृहातील मुलांना सांगावे लागत नाही. संगणकांच्या जाळ्यातील पत्त्यांची वाटणी याच जातीची आहे. तरीही ‘सबनेट’ हा शब्द ऐकताच हीच मुले बिचकतात आणि कॅल्क्युलेटर शोधू लागतात. ही भीती घालवणे हे शाळेचे कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.

हिशेब पाहावा. आयपी पत्त्याच्या चार घरांपैकी प्रत्येकात ० ते २५५ असे २५६ आकडे बसतात. वाटणी ठरवणाऱ्या मास्कचा शेवटचा आकडा १९२ असेल, तर तो २५६ मधून वजा करावा, उरतात ६४. म्हणजे ०, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू होणारे चार तुकडे. १९२.१६८.१०.७७ हा पत्ता ६४ च्या पुढे व १२८ च्या आत, म्हणून दुसऱ्या तुकड्यात. त्यातील ६४ हा आकडा त्या तुकड्याची ओळख सांगतो, तर १२७ सर्वांना एकदम हाक देण्यासाठी राखलेला असतो. शेताचे बांध पेरणीखाली येत नाहीत, तसे हे दोन पत्ते यंत्रांना मिळत नाहीत, उरतात ६२. सोळा, बत्तीस, चौसष्टच्या पटी तोंडपाठ असल्या की कागद लागत नाही.

मात्र ही युक्ती मंत्रासारखी घोकू नये. एकाची आठ वेळा दुप्पट केली की २५६ होतात, हे मुलाने स्वतः करून पाहावे. केवळ ऐकीव वा परंपरागत म्हणून काही स्वीकारू नये, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश गणिताच्या तासालाही लागू आहे.

यंत्र असताना डोक्याला ताप कशाला, असे काही पालक विचारतात. यंत्रात चुकीचा आकडा भरला गेला, तर उत्तर चुकल्याचे ओळखायला डोक्यातलाच अंदाज लागतो. आमच्या आजोबांच्या काळी पावकी, निमकी, अडीचकी येणारा हिशेब मांडी आणि न येणारा त्याखाली अंगठा उठवी. ही परवशता शिक्षणानेच संपेल, या निष्ठेने बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. आज वही बदलली आहे. दुसऱ्याच्या हिशेबावर विसंबण्याचा धोका तोच आहे.

म्हणून संगणक क्षेत्रातील माजी विद्यार्थ्यांनी वर्षातील एक रविवार या मुलांसाठी द्यावा आणि पालकांनी सुट्टीत घरी आलेल्या लेकरांकडून पाढे म्हणवून घ्यावेत, एवढीच आमची विनंती आहे.