मानधन नव्हे, मजुरी

काही शब्द देण्यापेक्षा झाकण्याचेच काम अधिक करतात. ‘मानधन’ हा त्यांपैकी एक. गवंड्याला आपण मजुरी देतो, डॉक्टरांना फी देतो, सणाच्या जेवणाला आलेल्या आचाऱ्याशी आधीच रक्कम ठरवितो. लेखकाला मात्र मानधन! त्यात मान पुढे चालतो, धन मागून यावयाचे असते आणि पुष्कळदा ते वाटेतच कोठेतरी थांबते. शाल व श्रीफळ तेवढे वेळेवर पोहोचते. खेड्यापाड्यांतून, शेतावर राबणाऱ्या घरांतून आलेली आणि नोकरीवाचून केवळ लेखणीवर पोट भरू पाहणारी आम्ही माणसे या शब्दाविरुद्ध फिर्याद मांडीत आहोत.

आम्हांला लगेच ऐकविले जाते की लेखन ही साधना आहे, तिला पैशाचा विटाळ नको. साधनेला आमचा विरोध नाही. परंतु फुकट साधना कोणाला परवडते, हे एकदा पाहावे. कागलच्या कुळवाडी घरातून आलेले आनंद यादव पुढे पुणे विद्यापीठात प्राध्यापक झाले. माडगूळच्या माणदेशी मातीतून उठलेल्या व्यंकटेश माडगूळकरांना पुणे आकाशवाणीची दीर्घ नोकरी लाभली. शंकर पाटील पाठ्यपुस्तक मंडळात होते. यामुळे त्यांची थोरवी तसूभरही उणी होत नाही. पण खेड्यातून येऊन ग्रामीण जीवन लिहिणाऱ्या या मोठ्या लेखकांमागे दरमहाचा पगार उभा होता, ही वस्तुस्थिती आहे. तो आधार नसेल तर काय होते?

त्याचे उत्तर अण्णाभाऊ साठे यांच्या आयुष्यात आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावच्या मातंग कुटुंबात ते जन्मले. त्यांची शाळा दीड दिवसाची, असे सांगितले जाते. कुटुंब पायी चालत मुंबईस आले. हमाली, फेरी, गिरणीतील काम असे मिळेल ते त्यांनी केले. पुढे १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथा, लोकनाट्ये, पोवाडे आणि रशियाचे प्रवासवर्णन त्यांनी लिहिले. १९५९ च्या ‘फकिरा’ला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्यांच्या कथांवर चित्रपट निघाले. एवढे लिहूनही आयुष्याची कितीतरी वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीतच गेली, आणि १८ जुलै १९६९ रोजी, एकोणपन्नासावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, हलाखीतच ते गेले. २००२ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. मान मिळाला, आणि तो त्यांचा हक्कच होता. पण तो वाढला तेव्हा पानावर जेवणारा उठून गेलेला होता.

यावर, दारिद्र्यानेच त्यांना लेखक केले, असे म्हणणारे विद्वान आहेतच. आमच्या मते हा शुद्ध कांगावा आहे. दारिद्र्याने त्यांना लिहावयास विषय दिले असतील. पण आणखी वीस वर्षांचे लेखन त्याच दारिद्र्याने हिरावून नेले. त्याचा हिशेब हे विद्वान कधी मांडतात काय?

कायदा आमच्या बाजूला आहे, पण तो आमच्या गावापर्यंत पोहोचलेला नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, जो कोणाचा नोकर नाही त्या लेखकाच्या लेखनाचा पहिला मालक सामान्यतः तो स्वतःच असतो. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो; मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. लेखकाच्या पश्चात साठ वर्षे तो हक्क वारसांकडे राहतो. म्हणजे लेखन ही शेतजमिनीसारखीच मालमत्ता आहे. आणि सातबारा न पाहता वीतभर जमीन न सोडणारे आमचे लोक लेखनाचा तुकडा मात्र तोंडी सोडून देतात! आमच्यापैकी एकाची वर्षभराची लेखमाला एका प्रकाशकाने न विचारता पुस्तकरूपाने काढली. विचारणा केली तेव्हा उत्तर आले, “नाव तुमचेच छापले आहे ना?”

वसईची बागायतदारीण पहाटेच्या गाडीने दादरला फुले नि भाजी नेत असे, तेव्हा भाव ठरल्याशिवाय टोपली खाली करीत नसे. तिला कोणी लोभी म्हटले नाही. तिच्याच नातवाने लेखाचा दर विचारला की तो मात्र व्यवहारी ठरतो! आमच्या धर्मग्रामांच्या स्मरणिका पाहा. छपाईचे, कागदाचे, मंडपाचे, बँडचे पैसे चुकते होतात. ज्याच्या मजकुरासाठी स्मरणिका निघते, त्याला दोन प्रती आणि आभाराची एक ओळ. परिणामी लिहितो कोण? निवृत्तिवेतन असलेला किंवा बँकेत असलेला. ज्याला रोज मजुरीला जावे लागते त्या तरुणाची गोष्ट आपल्यापर्यंत येतच नाही, आणि मग आपणच विचारतो की नवे लेखक का निपजत नाहीत.

लहान नियतकालिकांकडे पैसा नसतो, हे आम्ही जाणतो. नसेल तर तसे आधी सांगावे, आणि लेखकाला नाही म्हणण्याची मोकळीक ठेवावी. पण ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी पुढच्या सणाचे अंदाजपत्रक करताना बँडच्या खाली आणखी एक ओळ घालावी: लेखकांची मजुरी. तिच्यापुढे आकडा लिहावा आणि लेख हाती येण्यापूर्वी तो लेखकाला कळवावा.