नावात वाईट काय आहे?

लहान मुलांच्या खेळांच्या संकेतस्थळांवर वाईट शब्द गाळणारी एक चाळणी असते. ती असावी, याबद्दल माझं दुमत नाही. पण काही ठिकाणी या चाळणीची भोकं इतकी बारीक केली आहेत की कोंड्याबरोबर पीठही वरच राहतं. आज त्याबद्दल थोडं लिहायचं आहे. विषय जरा तांत्रिक वाटेल, पण माझ्या वयाच्या मंडळींनी घाबरू नये. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई, मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल :-)

आधी हे खेळ म्हणजे काय ते सांगते. आता मुलं नुसते आयते खेळ खेळत नाहीत. स्वतः खेळ बनवतात आणि जगभरच्या मुलांना खेळायला देतात. घरात नातवंडं असतील त्यांनी रोब्लॉक्स हे नाव ऐकलं असेलच. ते २००६ साली सुरू झालं, आणि त्या धर्तीची इतरही संकेतस्थळं आहेत. तिथे खेळांचा नुसता समुद्र असतो. त्यातून हवा तो खेळ काढायचा तर वर एक शोधायची चौकट असते, तिच्यात नाव लिहायचं. म्हणजे ती चौकट हा त्या जगाचा दरवाजाच. तिथे शब्द अडला की मूल बाहेरच राहिलं.

माझी नात चौथीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत ती इथे आली होती. तिच्या वर्गमैत्रिणीने अशाच एका संकेतस्थळावर (कुठलं ते सांगत नाही, मुद्दा एका कंपनीचा नाही) एक बागेचा खेळ बनवला होता आणि त्याला स्वतःचं नाव दिलं होतं. नातीने ते नाव शोधायला टाकलं. काही नाही. पुन्हा टाकलं. मग इंग्रजीत सूचना आली की हा शब्द इथे वापरता येणार नाही. खेळाला नाव देताना चाललं, शोधताना मात्र चालेना! नातीने मला विचारलं, "आजी, तिचं नाव घाण आहे का गं?"

मुलीचं नाव इथे लिहीत नाही, पण त्याचा शेवट 'क्षिता' असा आहे. आता आपली काही नावं इंग्रजीत लिहून बघा. अक्षिता, रक्षिता, हर्षिता, निशिता. आडनावांत दीक्षित, अर्थात ते एक्स न वापरता लिहिलं तर. प्रत्येकात एस, एच, आय, टी ही चार अक्षरं ओळीने येतात. इंग्रजीत त्या चार अक्षरांचा जो शब्द होतो तो चारचौघांत उच्चारत नाहीत. यंत्र नाव वाचत नाही, ते अक्षरांची माळ तपासतं. माळेत कुठेही ते चार मणी सापडले की माळच जप्त.

आता या नावांचे अर्थ बघा. अक्षिता म्हणजे जिचा क्षय होत नाही ती. हर्षिता म्हणजे आनंदलेली. दीक्षित म्हणजे ज्याने दीक्षा घेतली तो. आणि रक्षिता म्हणजे जिचं रक्षण केलं आहे ती! मुलांच्या रक्षणासाठी बसवलेल्या यंत्राने रक्षितेलाच दारात अडवावं, याला काय म्हणावं?

पुढे समजलं की त्या मुलीने दोनच दिवसांत खेळाचं नाव बदललं आणि घरातलं लाडाचं नाव घातलं. मला हे फार लागलं. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. हजेरी घेताना प्रत्येक मुलाचं नाव नीट उच्चारायचं, हे शिक्षकाचं पहिलं काम असं मी मानत आले. नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या नावात काहीतरी खोट आहे असं वाटावं, ही किरकोळ गोष्ट नाही. वाईट शब्दापासून तिला वाचवायला निघालेल्या यंत्रानेच तो वाईट शब्द तिच्या नावात दाखवून दिला. तोवर तिला तो ठाऊकही नसेल.

हा घोटाळा नवा नाही. इंग्लंडमध्ये लिंकनशायर भागात स्कंथॉर्प नावाचं पोलादासाठी प्रसिद्ध असलेलं गाव आहे. त्याच्या इंग्रजी नावात पोटातली चार अक्षरं अशी आहेत की त्यांचा एक अश्लील शब्द होतो. १९९६ साली एओएल या अमेरिकन कंपनीच्या चाळणीने त्या गावच्या लोकांना खातंच उघडू दिलं नाही. तेव्हापासून या दोषाला 'स्कंथॉर्पचा प्रश्न' असंच म्हणतात. त्याच्या आदल्या वर्षी, १९९५ मध्ये, त्याच कंपनीने स्तन या अर्थाच्या इंग्रजी शब्दावर बंदी घातली होती. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या बायकांना आपल्या आजाराचं नाव लिहिता येईना. त्यांनी आवाज उठवला तेव्हा कंपनीने माघार घेतली.

कॅनडात १९२० पासून इतिहासाचं एक नियतकालिक निघतं. त्याचं नाव बीव्हर या प्राण्यावरून ठेवलेलं होतं. या शब्दाला इंग्रजी बोलीत दुसरा एक चावट अर्थ आहे. त्यामुळे नियतकालिकाची पत्रं वाचकांच्या चाळण्यांत अडकू लागली, आणि नव्वद वर्षांचं नाव २०१० मध्ये बदलावं लागलं. २०२० साली प्राचीन प्राण्यांच्या जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची परिषद करोनामुळे संगणकावर भरली, तर तिथल्या चाळणीने हाड या अर्थाचा शब्दच बंद केला. हाडांच्या परिषदेत हाड म्हणायची चोरी! आणि जानेवारी २०२१ मध्ये फेसबुकने इंग्लंडातल्या प्लिमथ गावच्या 'हो' नावाच्या प्रसिद्ध जागेचा उल्लेख करणाऱ्यांना आक्षेपार्ह बोलल्याचा ठपका ठेवला. नंतर माफी मागितली म्हणा.

पहिल्या उदाहरणाला आता जवळजवळ तीस वर्षं झाली. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे यंत्राला शिकवणं आता काही अवघड राहिलेलं नाही. वाक्याचा संदर्भ बघणाऱ्या प्रणालीही निघाल्या आहेत. मग अजून असं का होतं? मला वाटतं, कारण हिशेबाचं आहे. एखादा वाईट शब्द चाळणीतून सुटला तर वर्तमानपत्रात बातमी येते, पालक खवळतात, कोर्टात खटले होतात. उलट शंभर चांगले शब्द चुकून अडले तर कोण ओरडणार? चौथीतली मुलगी कोर्टात जात नाही. ती गपचूप नाव बदलते. तेव्हा कंपनीने चाळणी घट्ट करत जाणं साहजिकच आहे.

आता दुसरी बाजू. 'आजी, तुम्हाला धोक्याची कल्पना नाही' असं कुणी म्हणेल. कल्पना आहे. अशा संकेतस्थळांवर मोठी माणसं मुलांचं रूप घेऊन येतात, ओळख वाढवतात आणि त्यांना जाळ्यात ओढतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने मुलांच्या सुरक्षिततेवरूनच रोब्लॉक्सवर खटला भरला. नोव्हेंबरमध्ये त्या कंपनीने गप्पा मारायच्या असतील तर वय तपासून घ्यावं लागेल असं जाहीर केलं. हे योग्यच आहे. पण जरा विचार करा, मुलांना फसवणारा माणूस शिवी देत येतो का? तो खाऊ देत येतो. 'तू किती हुशार आहेस', 'आपलं गुपित आईला सांगू नकोस', या वाक्यांत अडवण्याजोगा एकही शब्द नाही. म्हणजे चोर मागच्या दाराने आत, आणि पुढच्या दारात रक्षिता, हर्षिता ताटकळत उभ्या.

शब्द एकटा वाईट नसतो, वाक्यात तो काय काम करतो ते बघावं लागतं. हे मराठी शिकवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मी शिकवलं ते सिंधुदुर्गात. तिथल्या अंगणात नुसतं उभं राहून ऐका. "मेल्या, होतस खंय इतके दिवस?" हे वाक्य चाळणीला धमकी वाटेल, पण त्यात किती माया आहे ते ज्याला ऐकायला मिळालं त्याला विचारा! मैदानावरही तेच. हुतूतूत गडी मरतो आणि पुन्हा जिवंत होतो. 'मेलास तू, बाहेर हो', 'आमचा एक जिवंत झाला' असं मुलं दिवसभर ओरडत असतात. मधल्या सुट्टीत ही चाळणी लावली असती तर सगळी शाळा मुकी झाली असती.

शब्द गाळणं आपल्याकडे नवीन नाही हेही खरं. आपल्या घरात बांगडी फुटत नाही, 'वाढते'. कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कोकणात रात्री सापाचं नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. पण ही चाळणी माणसाच्या हातातली होती. 'जातो म्हणू नये' हे सांगताना आजी 'का' तेही सांगायची, आणि चुकून म्हटलं तर हसून दुरुस्त करायची. कुणाला दाराबाहेर काढत नव्हती.

शिवाय बंदीने शब्द मरत नाही, वेष बदलतो. हल्ली इंग्रजी बोलणारी मुलं मरण्या-मारण्याचा शब्द अडतो म्हणून 'अनअलाइव्ह' असा शब्द वापरतात. 'अजिवंत करणे' म्हणा हवं तर. वर्गात एखाद्या मास्तरांचं टोपणनाव बंद केलं की आठवड्यात दुसरं तयार होतं, हे ज्यांनी शाळा पाहिली त्यांना माहीत आहे. म्हणजे ज्या मुलाला आडवाट माहीत आहे ते पुढे जातं, आणि सरळ मार्गाने नाव लिहिणारं मूल अडतं. त्यातून मुलं काय शिकणार?

माझा मुख्य मुद्दा आता सांगते. गप्पा मारणं आणि शोधणं यात फरक आहे. गप्पांमध्ये दुसरं कुणी मुलाला काहीतरी म्हणत असतं, तिथे कडक पहारा हवाच. पण शोधताना मूल स्वतः विचारत असतं. त्याच्या शब्दाने दुसऱ्या कुणाला इजा होत नाही. तेव्हा पहारा ठेवायचा तर उत्तरावर ठेवा, प्रश्नावर नको. जे खेळ मुलांना दाखवण्यासारखे नाहीत ते मुळात यादीतच ठेवू नका. मग मुलाने काहीही लिहिलं तरी समोर चांगलंच येईल. खेळ तपासून ठेवण्याचं काम कष्टाचं आणि खर्चाचं आहे, शब्द अडवणं स्वस्त. म्हणून स्वस्त उपाय केला जातो आणि त्याला सुरक्षितता म्हटलं जातं.

वर्गात एखादं मूल अडनिडा प्रश्न विचारतं. अशा वेळी "असलं विचारायचं नाही, बस खाली" म्हटलं की ते मूल पुन्हा हात वर करत नाही. प्रश्न मात्र मनातून जात नाही. तो दुसऱ्या कुणाला तरी विचारला जातो, आणि तो दुसरा कोण असेल ते आपल्या हातात राहत नाही. खरा धोका मला तिथे दिसतो.

मग करावं काय? मला सुचतं ते असं. शब्दाच्या पोटातली अक्षरं न तपासता पूर्ण शब्द तपासावा. भारतीय नावांच्या याद्या भारतीय माणसांकडून करून घ्याव्यात. शब्द अडवलाच तर 'हा शब्द वाईट आहे' असं न सांगता 'आम्हाला हे नीट कळलं नाही' असं म्हणावं. तेच खरंही आहे. आणि 'हे माझं नाव आहे' असं सांगायला एक जागा असावी, जिथे उत्तर माणूस देईल. आपण घरच्यांनीही अधूनमधून मुलांच्या शेजारी बसावं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण शेजारी बसायला काय कळावं लागतं?

नातीला मी अक्षित या शब्दाचा अर्थ सांगितला आणि तो मैत्रिणीला कळवायला लावला. इंग्रजीतला तो चार अक्षरी शब्दही सांगितला, म्हणजे भानगड कुठे आहे ते तिला कळेल. ती खूप हसली. सांगितल्याने काही बिघडलं नाही.

तुमच्या घरात अशी अडलेली नावं असतील तर जरूर कळवा. विशेषतः दीक्षित मंडळींनी! बरीच उदाहरणं जमली तर इंग्रजी चांगलं असलेल्या कुणाकडून तरी नीट पत्र लिहून घेऊ आणि अशा कंपन्यांना पाठवू. उत्तर येईल न येईल. पण मुलं गप्प बसतात म्हणून मोठ्यांनीही गप्प बसावं असं थोडंच आहे?